मन बरं नाही, पण जायचं कुठे? जळगाव-धुळ्यातल्या तरुणांसाठी मानसिक आरोग्यसेवेची माहिती

समजा, पारोळा तालुक्यातल्या एका गावात २३ वर्षांचा मुलगा आहे. बीएस्सी झालाय. दोन वर्षं जळगावात खोली करून भरतीची तयारी केली, थोडक्या मार्कांनी राहिला. आता गावी परतलाय, वडिलांसोबत कपाशीच्या शेतात जातो. रात्री दोन-तीनपर्यंत झोप लागत नाही आणि सकाळी अंथरुणातून उठवत नाही. मित्रांच्या ग्रुपवरचे मेसेज वाचतो, उत्तर देत नाही. आईने विचारलं की एवढंच म्हणतो, 'डोकं दुखस.' आईने दोनदा डॉक्टरकडे नेलं. एकदा सलाइन लावलं, एकदा ताकदीच्या गोळ्या मिळाल्या. डोकं दुखायचं थांबलं नाही.

हा मुलगा आम्ही कल्पनेने उभा केलाय, पण खान्देशात राहणाऱ्या बहुतेकांना असा कुणीतरी माहीत असेल. तो आजारी आहे का? असेल तर त्याने कुणाकडे जायचं? पैसे किती लागतील? गावात कळेल का? सरकारी व्यवस्थेत त्याच्यासाठी काय आहे आणि काय नाही?

या प्रश्नांची उत्तरं एका जागी सापडत नाहीत. म्हणून हा लेख.

थोडक्यात सांगायचं तर:

- १४४१६ हा 'टेली मानस'चा सरकारी नंबर २४ तास सुरू असतो. कॉल फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.
- जळगाव आणि धुळे, दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मानसोपचाराची ओपीडी तिथे मिळते.
- वय १८ पूर्ण असेल तर उपचार घेण्यासाठी घरच्यांची परवानगी लागत नाही. तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे.
- जिवाला धोका असेल तर थांबू नका. १०८ (रुग्णवाहिका) किंवा ११२ वर लगेच फोन करा.

प्रश्न किती मोठा आहे?

देशात मानसिक आजारांचं मोठं सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं. बंगळुरूच्या 'निमहान्स' या संस्थेने १२ राज्यांत ते केलं. त्यात १८ वर्षांवरच्या लोकांपैकी १०.६ टक्के जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. म्हणजे साधारण दर दहा माणसांमागे एक. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळतच नव्हते, असंही त्यात दिसलं. त्या १२ राज्यांत गुजरात आणि मध्य प्रदेश हे आपले दोन्ही शेजारी होते, महाराष्ट्र मात्र नव्हता. त्यामुळे खान्देशाचं चित्र आपण आजूबाजूच्या आकड्यांवरूनच बांधतो.

दुसरा आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या होत्या, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. देशभरातल्या या मृत्यूंपैकी साधारण एक तृतीयांश १८ ते ३० या वयातले होते.

या वयाचा आणि मानसिक आजाराचा संबंध योगायोगाचा नाही. निम्म्याहून जास्त मानसिक आजार पंचविशीच्या आत सुरू होतात. शिक्षण, नोकरी, लग्न, घराची जबाबदारी हे सगळं ज्या वयात अंगावर येतं, त्याच वयात आजारही डोकं वर काढतो. त्यामुळे लक्षणं दिसली तरी 'वयच तसं आहे' किंवा 'लग्न झालं की ठीक होईल' म्हणून सोडून दिली जातात.

खान्देशातली अडचण नेमकी काय?

पहिली अडचण डॉक्टरांची. भारतात दर एक लाख लोकांमागे साधारण ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत. निदान ३ तरी असावेत, असं मानलं जातं. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२,२९,९१७ होती आणि धुळ्याची २०,५०,८६२. म्हणजे त्या हिशेबाने जळगावला सव्वाशेच्या आसपास आणि धुळ्याला साठेक तज्ज्ञ लागतील, तेही २०११ ची लोकसंख्या धरून. शिवाय देशभर जे तज्ज्ञ आहेत ते बहुतेक शहरांत आहेत.

दुसरी अडचण अंतराची. जळगाव जिल्ह्यात १५ तालुके आहेत. चोपडा किंवा शिरपूरहून जिल्ह्याच्या गावी जायचं तर ५०-५५ किलोमीटर, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून निघालात तर आधी तालुक्याला पोचायचं. ओपीडी सकाळची असते. म्हणजे पहाटेची गाडी, रांग, केसपेपर, तपासणी, औषधाची खिडकी आणि परत. त्या दिवसाची मजुरी बुडते. सोबत कुणी आलं तर दोघांची बुडते. मानसिक आजारात एका भेटीत काम होत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा जावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला लोक गळतात ते इथे.

तिसरी अडचण भाषेची. प्रमाण मराठीत 'मला उदास वाटतं' असं म्हणणारे गावात कमीच. अहिराणीत 'जीव लागत नही' म्हणतील, छातीत धडधडतं म्हणतील, हातापायांना मुंग्या येतात म्हणतील. सातपुड्याच्या पट्ट्यात पावरी आणि भिली बोलली जाते. तिथल्या मुलीला आपल्या मनातलं आधी परक्या भाषेत आणावं लागतं आणि मग परक्या माणसाला सांगावं लागतं. मनाचा त्रास अंगाच्या दुखण्यातून सांगितला जातो, तेव्हा उपचारही अंगाच्या दुखण्यावरच होतात. सलाइन त्यामुळेच लागतं.

चौथी अडचण सगळ्यांना माहीत आहे: 'स्थळ येणार नाही.' मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर गावातल्या कुणी पाहिलं तर ते घरी पोचण्याआधी गावात पोचेल, ही भीती खोटी नाही. मुलींच्या बाबतीत ती दुप्पट असते. लग्न झालेल्या मुलीला तर सासरहून दवाखान्यात जायला कारण द्यावं लागतं. बाळंतपणानंतर आठवड्यांमागून आठवडे रडू येणं, बाळाकडे बघावंसं न वाटणं हा उपचार होणारा आजार आहे, पण घरात त्याला 'नाटकं' म्हटलं जातं.

साधं टेन्शन आणि आजार, फरक कसा ओळखायचा?

निकाल वाईट लागला, ब्रेकअप झालं, केळीवर रोग पडला, तर वाईट वाटणारच. तो आजार नाही. तीन गोष्टी पाहायच्या.

किती दिवस? दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळपास रोज आणि दिवसाचा बराच वेळ उदास वाटत असेल, किंवा आधी आवडणाऱ्या कशातच रस वाटत नसेल, तर दाखवून घ्यावं.

कामावर परिणाम होतोय का? झोप, भूक, अंघोळ, अभ्यास, शेतातलं काम, लोकांशी बोलणं यांत ठळक बदल झालाय का?

जगण्याबद्दल काय वाटतं? 'मी नसतो तर बरं झालं असतं', 'घरच्यांवर ओझं झालोय' असे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

काही लक्षणं वेगळी असतात. कुणी नसताना आवाज ऐकू येणं, सगळे आपल्याविरुद्ध कट करताहेत अशी पक्की खात्री वाटणं, तीन-चार रात्री न झोपताही अंगात प्रचंड जोर असणं आणि अचानक वारेमाप खर्च सुरू होणं. हे आजार बऱ्याचदा विशीच्या आसपास पहिल्यांदा दिसतात. इथे नुसतं समुपदेशन पुरत नाही, मानसोपचारतज्ज्ञ लागतो. उपचार जितके लवकर सुरू होतील तितका पुढचा त्रास कमी.

सरकारी व्यवस्था कशी आहे?

भारताने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू केला. १९९६ मध्ये त्यातून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. एका जिल्ह्यात एक पथक, त्यात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका, असा त्याचा आराखडा आहे. या पथकाने शहरात ओपीडी चालवायची, तालुक्याच्या ठिकाणी जायचं आणि गावच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं. शाळा-कॉलेजांत समुपदेशन आणि आत्महत्या रोखण्याचं कामही याच कार्यक्रमात येतं.

खालून वर पाहिलं तर पायऱ्या अशा आहेत.

गावात: आशा ताई आणि उपकेंद्र. बऱ्याच उपकेंद्रांवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असा फलक दिसतो आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. या केंद्रांनी द्यायच्या सेवांच्या यादीत मानसिक आरोग्य आहे. 'ई-संजीवनी' या सरकारी व्हिडिओ-सेवेतून इथूनच वरच्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो.

तालुक्यात: प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय. इथे विचारायचा प्रश्न एकच: 'मानसोपचाराची ओपीडी कोणत्या दिवशी असते?' वार कळला तर एक फुकट फेरी वाचते.

जिल्ह्यात: जळगावचं सिव्हिल आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झालं. धुळ्यात चक्करबर्डीला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्याच जिल्ह्यात जायला हवं असा नियम नाही. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात असलं तरी तिथून धुळं बरंच जवळ पडतं. गावातलं कुणी भेटेल ही भीती असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जाणं हाही एक मार्ग आहे.

त्याच्या वर: राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. खान्देशात एकही नाही. जळगाव रेल्वेने मुंबईपासून ४२० किलोमीटर, आणि नागपूरपासूनही जवळपास तितकंच. पण मानसिक त्रास असलेल्या बहुतेकांना मनोरुग्णालयाची गरज कधीच पडत नाही. ओपीडीतले उपचार पुरतात.

खर्च किती? राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या विभागाकडे येतात, तिथे केसपेपरचं किरकोळ शुल्क लागू शकतं.

मग तरुण कुठे निसटतात?

कागदावरची व्यवस्था वाचून वाटेल, सगळं तर आहे. आता सुरुवातीच्या त्या २३ वर्षांच्या मुलाला यात बसवून पाहा.

२०१४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ या वयासाठी आहे. त्याची 'मैत्री' क्लिनिकं त्याच वयाची. तो २३ चा आहे, बाहेर.

कॉलेजात समुपदेशन असतं, पण ते विद्यार्थ्यांना. त्याचं कॉलेज संपलं.

शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी राज्याने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' आणला. त्यात मानसिक तपासणी आणि समुपदेशन होतं. तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी होता. शेजारचा बुलढाणा त्यात होता, कपाशीवरच जगणारं जळगाव आणि धुळे नव्हते.

आशा ताई घरी येतात, पण त्यांच्या कामात मुख्यतः गरोदर बाया, लहान मुलं, लसीकरण आणि क्षयरोग येतो. लग्न न झालेला तरुण मुलगा त्यांच्या रजिस्टरमध्ये सहसा नसतो. मजुरीसाठी सहा महिने गुजरातेत असलेली पोरं तर कुणाच्याच यादीत नसतात.

म्हणजे आजार सुरू होण्याचं जे वय, त्याच वयात सरकारी यंत्रणेतलं कुणी आपणहून तुमच्यापर्यंत येत नाही. तुम्हालाच जावं लागतं, आणि या आजारात उठून जाण्याची ताकदच आधी जाते.

१४४१६ वर फोन केला तर काय होतं?

टेली मानस १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. १४४१६ लागला नाही तर १८००-८९-१४४१६ लावा. फोन लागल्यावर भाषा निवडायची, मराठीचा पर्याय आहे. अहिराणी, पावरी किंवा भिली हे पर्याय नाहीत.

आधी प्रशिक्षित समुपदेशकाशी बोलणं होतं. ते काय होतंय ते ऐकतात, प्रश्न विचारतात. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जायला सांगतात. काय बोलायचं सुचत नसेल तर 'मला झोप लागत नाही आणि कशातच जीव लागत नाही' एवढ्यावरही सुरुवात होते. पहिल्याच फोनमध्ये सगळं सांगायला हवं असं नाही.

एक अडचण उरते, ती म्हणजे फोनवर बोलायला एकांत. दोन खोल्यांच्या घरात तो मिळत नाही. शेतात, मळ्याच्या वाटेवर, कॉलेजच्या मैदानात बोलता येईल अशी वेळ आधी ठरवून ठेवा. सेवा २४ तास असल्याने पहाटेही चालते.

घरी कळेल का? कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. तरुणांच्या कामाच्या गोष्टी अशा:

- प्रत्येकाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांना ती मोफत मिळायला हवी, कार्ड असो वा नसो.
- आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारांवरची औषधं ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर मोफत मिळायला हवीत.
- किमान सेवा सरकारी दवाखान्यात उपलब्ध नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या सेवेचा खर्च सरकारने उचलायचा, अशीही तरतूद आहे.
- तुमच्या आजाराची आणि उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असणं, न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद आहेत.
- मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला साखळीने बांधून ठेवायला मनाई आहे.
- आरोग्य विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला हवं.

अजून एक गैरसमज गावोगाव आहे: आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्याला दवाखान्यात नेलं तर त्याच्यावरच गुन्हा होईल. २०१७ च्या कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ नाहीच. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.

घरच्यांनी भगताकडे नेलं तर?

बऱ्याच घरांत हीच पहिली पायरी असते. त्यावरून आईवडिलांशी भांडण करून उपयोग होत नाही. त्यांना पोराची काळजी असते आणि माहीत असलेलं जवळचं दार तेच असतं. देवाला नवस बोलायचाय तर बोलू द्या, पण दवाखाना सुटू देऊ नका.

जिथे मारहाण होते, चटके दिले जातात, कोंडून किंवा बांधून ठेवलं जातं, तिथे मात्र गप्प बसायचं नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली असे प्रकार करणं गुन्हा आहे आणि त्याची तक्रार पोलिसांत करता येते.

गोळ्यांची सवय लागते का?

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. त्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. 'आठ दिवस घेतल्या, काही फरक नाही' म्हणून लोक सोडतात ते त्यामुळे. बरं वाटलं म्हणून अचानक बंद करणंही चूक आहे, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या असतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या मेडिकलवरून स्वतःच्या मनाने घेऊ नका.

प्रत्येकाला गोळी लागतेच असंही नाही. सौम्य आणि मध्यम नैराश्यात ठरवून केलेलं समुपदेशन चांगलं काम करतं. खासगीत जाणार असाल तर फरक लक्षात ठेवा: मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, थेरपी करतात. दोघांनाही नोंदणी क्रमांक असतो, तो विचारायला संकोच करू नका.

इतके डॉक्टर येणार कुठून? गावातूनच सुरुवात करता येते का?

सव्वाशे मानसोपचारतज्ज्ञ पुढच्या पाच-दहा वर्षांत जळगावला मिळणार नाहीत. पण खान्देशच्या दोन्ही बाजूंना झालेल्या प्रयोगांतून एक गोष्ट पुढे आलीये: पहिलं ऐकून घेणारा माणूस डॉक्टरच असायला हवा असं नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गोव्यात १९९६ पासून काम करणारी 'संगाथ' ही संस्था त्यात होती. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी गावात बैठका घेतल्या, त्रास असलेल्यांना ओळखलं, सुरुवातीचा आधार दिला. पुढचं समुपदेशन प्रशिक्षित समुपदेशकांनी केलं आणि गंभीर रुग्ण मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षानंतर तो आकडा २७.२ टक्के झाला. आत्महत्येचे विचार सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. जमीनही कपाशीची आणि कर्जाची कहाणीही आपल्यासारखीच, त्यामुळे हा प्रयोग खान्देशाला लांबचा नाही.

दुसऱ्या बाजूला नाशिक जिल्ह्यात २०१३ ते २०१५ मध्ये ४१ गावांत 'आत्मीयता' हा प्रयोग झाला. गावातलेच स्वयंसेवक निवडले. त्यांच्यातले काही फक्त ओळखायचं आणि जोडून द्यायचं काम करत, काही जण चार-सहा भेटींत साधं समुपदेशन करत. मोबाइलवरच्या छोट्या फिल्म दाखवून ते लोकांना बोलतं करत. पेन्शनसारख्या सरकारी योजनांचे अर्ज भरायलाही मदत करत, कारण पैशाचा ताण तसाच ठेवून मनाचा ताण उतरत नाही. पुढे हे काम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात बरंच मोठं झालं.

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेत २००६ पासून 'फ्रेंडशिप बेंच' चालतं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर प्रशिक्षण घेतलेल्या आज्या बसतात आणि लोकांचं ऐकतात. आपल्याकडे ओटा आहे, पार आहे. बसणाऱ्याला शिकवणारं आणि त्याच्या मागे उभं राहणारं कुणीतरी हवं.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. नुसता स्वयंसेवक पुरत नाही. या सगळ्या प्रयोगांत प्रशिक्षण होतं, देखरेख होती आणि गंभीर रुग्ण पाठवायला डॉक्टर होता.

मित्र म्हणून तुम्ही आज काय करू शकता?

विचारा. 'काय रे, बरेच दिवस गप्प आहेस. झोप लागते का?' इथून सुरुवात करा. सल्ला नको, आधी ऐका. 'खंबीर हो', 'तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढले' ही वाक्यं टाळा.

शंका आली तर सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरातल्या विश्वासाच्या एका माणसाला सांगा आणि त्याच्या शेजारी बसून १४४१६ लावा. 'कुणाला सांगू नको' असं वचन देऊ नका.

फवारणीचं औषध घरात, पलंगाखाली, माळ्यावर ठेवू नका. कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. टोकाची लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढ्या वेळात धोकादायक वस्तू हाताशी नसेल तर जीव वाचतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यानंतर आत्महत्यांचं प्रमाण खूप खाली आलं.

आणि सोबत जा. पहिल्या ओपीडीला कुणी सोबत असलं तर जाणं होतं. एसटीत शेजारी बसणं ही मदत लहान नाही.

गाव आणि कॉलेज म्हणून काय मागता येईल?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ ला विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक पात्र समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ असावा, असं त्यात आहे. कोचिंग क्लासेस आणि वसतिगृहंही यात येतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे आहेत. तुमच्या कॉलेजात समुपदेशक कोण, कोणत्या वेळी भेटतो, एवढं प्राचार्यांना लेखी विचारायला एक अर्ज पुरतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला कॉलेजात बोलावताही येतं.

कॉलेज सुटलेल्यांसाठी जागा ग्रामसभेची आहे. तीन मागण्या मांडा: ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी ठरलेल्या वारी व्हावी, तो वार ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा, आणि आशा ताईंच्या प्रशिक्षणात तरुणांचं मानसिक आरोग्य यावं. दुसरी मागणी पूर्ण करायला तर एक खडू पुरतो.

आता पुन्हा त्या मुलाकडे. त्याला आज मनोरुग्णालय नको आहे. 'डोकं दुखस' म्हटल्यावर 'कधीपासून? आणि झोप?' एवढं पुढे विचारणारं कुणीतरी हवंय, मग तो डॉक्टर असो, उपकेंद्रातल्या ताई असोत की मित्र. तिथून १४४१६, मग ठरलेल्या वारची ओपीडी. त्याच्या ग्रुपवरचे मेसेज तो वाचतोय, उत्तर देत नाहीये. तुमच्या ग्रुपवर असा कुणी असेल तर आज संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन या.